व्हय म्हणणारी माणसं

बाबा,

गेल्या महिन्यात मी बसमध्ये गाऱ्हाणं घातलं, जत्रेत देवापुढे घालतात तसं. पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या भरलेल्या बसमध्ये, बसल्या जागेवरून, मांडीवर खाज्याची पुडी घेऊन. तू असतास तर आधी कपाळाला हात लावला असतास, की बाईमाणसानं कधी गाऱ्हाणं घातलंय का, तेही हातात नारळ नसताना. आणि मग हळूच विचारलं असतंस, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचला का. पोचला, बाबा. दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरपर्यंत पोचला. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि तुझ्याइतकं हे कळणारं दुसरं माणूस मला सापडेना, म्हणून लिहायला बसले. तुला मी जन्मभर तू म्हटलं, आपल्या घरी बापाला तूच म्हणायचे. मराठीत लिहायला लागलं की हात आपोआप 'तुम्ही'कडे वळतो, शाळेत बाईंनी तशी सवयच लावली. पण तुम्ही लिहिलं तर तू मागे वळून बघशील, कोण पाहुणा आलाय म्हणून. तेव्हा तूच.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. माझं ते दुखणं परत आलं. कॉलेजात असताना आलं होतं तेच. मध्ये इतकी वर्षं गेली, लग्न होऊन लाटंबार्शाला आले, पणजीला सरकारी नोकरी लागली, मुलं मोठी झाली, आणि मला वाटलं होतं की ते मला विसरलं. पण असली दुखणी पत्ता ठेवतात. या वर्षी गणपतीची चवथ झाल्यावर एक दिवस सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू आला, उठून उंडे घ्यायचे होते, आणि माझ्याच्यानं उठवेना. पोदेर दारात थांबला, दोनदा भोंगा वाजवला आणि गेला. मी पडल्या पडल्या रडत होते, आणि कशासाठी, तर उंड्यांसाठी. दुसऱ्या दिवशीही तेच. अंगात ताप नाही, कुठे दुखत नाही, पण केस विंचरायचे म्हटलं तरी काजूचं भाट, अख्खी बाग, एकटीनं झाडायला सांगितल्यासारखं वाटायचं. या खेपेला एक मात्र बरं झालं. मला नाव ठाऊक होतं. मी आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेले, गोळ्या सुरू झाल्या, रजा टाकली. त्यामागे तुझा हात आहे, त्याकडे येतेच.

पण आधी माझ्या मैत्रिणींबद्दल. डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आमची चौघींची टोळी आहे. एक खिडकीशी बसल्याशिवाय प्रवासच करू शकत नाही, तिला आम्ही जनेलवाली म्हणतो. एक मास्तरीण आहे, शाळा सुटली तरी तिची शाळा सुटत नाही. तिसरी बँकेत, ती सगळ्या बसला व्याजाचे दर सांगत असते. आणि मी. जी आधी चढेल तिनं पिशवी, छत्री, ओढणी टाकून चार जागा धरायच्या आणि उभ्या माणसांच्या शिव्या खायच्या, हा आमचा गेल्या कितीतरी वर्षांचा नेम. माझ्या बाळंतपणात या बायकांनी डबे आणले. आई गेली तेव्हा पार्शाला आपल्या घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला चूल दिसू दिली नाही. तेव्हा त्या वाईट नाहीत हे पहिलं लक्षात ठेव, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

मी रजेवर आहे कळल्यावर तिघी एका रविवारी घरी आल्या. शहाळी, केळी, एक धूपाचा पुडा. मी त्या येणार म्हणून सकाळपासून सगळा जीव गोळा करून आंघोळ केली होती, वेणी घातली होती, वर चहाही टाकला. तिथेच चुकलं. तापाला थर्मामीटर असतो, मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं. माझ्याकडे दाखवायला होतं ते म्हणजे एक नीट घातलेली वेणी. जनेलवालीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुका कितें जालां गो? सामकी बरी दिसता मगे." मास्तरणीनं चालायला जायचा उपाय सांगितला, "सकाळीं चलपाक वच, मन बरें जातलें." बँकवाली हसत म्हणाली, "आमकां खंय येळ मेळता असलीं दुखणीं काडपाक?" तिला खरंच वेळ मिळत नाही, ते खोटं नव्हतं. मी पण हसले. चहाच्या कपबशा धुवायला त्या लागल्या तेव्हा मी नको म्हटलं, का, तर मी बरी आहे हे दिसावं म्हणून. म्हणजे बघ, एकीकडे त्यांनी मला आजारी मानावं अशी इच्छा, आणि दुसरीकडे आजारी दिसू नये म्हणून ही धडपड. माझी मीच मला त्या दिवशी आवरेना.

मग मी कामावर परत गेले. पहिल्याच दिवशी बसमध्ये माझी जागा धरलेली होती, जनेलवालीची निळी छत्री त्यावर. बसले आणि म्हटलं, आलं आपलं घर. बाणस्तारीच्या पुलापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे ती माझ्या कानाशी येऊन, मायेनंच, गुपित विचारावं तशी म्हणाली, "खरें सांग हां. तुका रजा जाय आशिल्ली न्ही?" रजा हवी होती ना, असं विचारून वर डोळा मारला. बाबा, ती मला चोर म्हणत नव्हती. मी मोठी हुशारी केली असं तिला वाटत होतं आणि त्याचं तिला कौतुक होतं. शिवी दिली असती तर मी भांडले असते. कौतुकावर कसं भांडायचं? मी पण डोळा मारला. आणि ऑफिसात जाऊन बाथरूमची कडी लावून रडले. त्यानंतर मी थोडे दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. पाकीट कपाटात साड्यांच्या मागे टाकलं. चौघींतल्या तिघी म्हणतात की काही नाहीये, तर नसेल, असा हिशेब. मला त्यांच्यातलीच एक व्हायचं होतं, बस्स. आणि एका सकाळी डिचोलीच्या स्टँडवर बस समोर उभी, दारातून तिघी हाका मारतायत, आणि माझा पाय उचलेना. बस गेली. मी तिथल्याच बाकावर बसून राहिले आणि तुझी आठवण आली. खरं तर तुझ्या हाताची आली, आणि त्यातल्या तीर्थाच्या पळीची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी अशीच आडवी झाले होते. तुम्हा दोघांना काही समजेना. आईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका लागला तो तिलाच. आत्या येऊन सांगून गेली की लग्न करा, सुतासारखी सरळ होईल. आणि तू? तू काही वेगळा शहाणा नव्हतास, उगाच तुला मोठा करत नाही. तूही देवीला कौल लावलास. मूर्तीवर फुलाच्या कळ्या लावून सगळे जसे विचारतात तसंच विचारलंस. फक्त, कुणाची बाधा आहे हे विचारायचं सोडून तू विचारलंस की पोरीला दोतोराकडे नेऊ का. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. आई म्हणाली, असा प्रश्न कोण विचारतं देवीला, आणि तू म्हणालास, "जें माका कळना तें विचारूंक नाका?" दुसऱ्या दिवशी आपण पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात. ती तरुण डॉक्टरीण तुला सगळं समजावून सांगतेय, मेंदू, मन, झोप, गोळ्या, आणि तू पांढरी टोपी मांडीवर घेऊन "व्हय, व्हय" करत मान डोलावतोयस. मला वाटलं, बाबाला सगळं कळलं. बाहेर बाकावर आल्यावर तू मला विचारलंस, "कितें म्हणाली गो ती?" आज इतक्या वर्षांनी मला त्यावर हसू येतं. तेव्हा मात्र वाटलं होतं की आता आपलं काही खरं नाही.

पण गोळ्यांचं तू पक्कं धरलंस. डॉक्टरणीनं सांगितलं होतं की खंड पडू द्यायचा नाही, आणि खंड पडू न देणं हे तुला पूजेमुळे समजत होतं. तू ते पाकीट नेऊन देव्हाऱ्यात ठेवलंस, शंखाच्या शेजारी. सकाळी पूजा झाली की हाक मारायचास. मी न विंचरलेल्या केसांनी येऊन हात पुढे करायची. उजव्या तळव्यात आधी तीर्थ, ते प्यायचं, डोळ्यांना हात लावायचा, मग त्याच तळव्यात गोळी. "घे." एवढंच. बरं वाटतंय का, कधी विचारलं नाहीस. आईला ते देव्हाऱ्यातलं पाकीट खपायचं नाही, कुणी पाहिलं तर काय म्हणेल. तू म्हणायचास, देवाला दिसतं ते लोकांना दिसलं तर काय बिघडलं. लोकांना दिसायला तसा फार वेळ लागलाही नाही.

कारण तुझेही मित्र होतेच. काजूच्या दिवसांत संध्याकाळी फेणीच्या भट्टीवर जमणारे, तुझ्याच वयाचे. त्यांचं ठरलं होतं की पोर सोंग करतेय. एक म्हणाला, "काजींत धाड तिका. दोन दीस बियो पुंजावंदी, दुखणें पळून वतलें." म्हणजे काजू वेचायला लावा, की आजार पळाला. तू हे घरी सांगितलं नाहीस, पण गावात काही लपतं थोडंच. तू भट्टीवर जाणं सोडलंस. संध्याकाळी अंगणात नुसता येरझारा घालायचास. ज्यांच्याबरोबर लहानपणापासून वाढलास त्यांच्याकडे जायचं नाही, म्हणून आपल्याच तुळशीला प्रदक्षिणा. ते मला खोलीतून दिसायचं आणि वाटायचं, माझ्यापायी याची माणसं तुटली. स्टँडच्या बाकावर मला नेमकं ते आठवलं. तेव्हा आजारी मी होते आणि एकटा तू पडला होतास. आता दोन्ही मीच होते.

मग जत्रा आली. गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. सगळा गाव देवळासमोर जमायचा, तू नारळ हातात घेऊन पुढे उभा राहायचास आणि गावाच्या वतीनं देवाशी बोलायचास. एक मागणं झालं की थांबायचास, त्या थांब्यावर गाव एका आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" तुझा आवाज मोठा गोड होता आणि थांबे त्याहून पक्के. इतके पक्के की थांबलास की लोक आपोआप ओरडायचेच, ऐकलेलं असो वा नसो. एका वर्षी मध्येच विझत आलेल्या समईकडे लक्ष गेलं म्हणून तू म्हणालास, "अरे, तेल घाल रे, वात पालवता." आणि सगळा गाव: "व्हय म्हाराजा!" कितीतरी दिवस शाळेतली पोरं एकमेकांना तेच म्हणत होती.

त्या वर्षी आईनं मला धरून आणून बायकांच्या घोळक्यात मागे उभं केलं होतं. तू सुरू केलंस. "बा देवा म्हाराजा! आज हो तुजो गाव तुज्या पायांकडे जमलो आसा. लहान-व्हड सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "शेतां-भाटांक बरकत दी, गोरवां-ढोरांक सांबाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" नेहमीचं सगळं झालं. आता नारळ फोडायचा. पण तू नारळ खाली घेतला नाहीस. "आनी म्हाराजा," तू म्हणालास, "ह्या तुज्या चाकराच्या घरात…" आणि तुझा आवाज अडकला. माझ्या बापाचा आवाज मी कधी अडकलेला ऐकला नव्हता. लोकांना काय कळणार? ते थांब्यावर ओरडायला शिकलेले. "व्हय म्हाराजा!" सगळ्या गावानं, भट्टीवरच्या तुझ्या त्या मित्रांसकट, काय ते न ऐकताच होकार देऊन टाकला. तू क्षणभर गोंधळलास. मग नारळ घट्ट धरून म्हणालास, "…धुवेच्या मनाक दुखणें जालां. बाधा न्हय, कोणाचें करणें न्हय, सोंग न्हय. दोतोराची गुळी तिका लागू जावंदी, आनी गावान तिका हांसचें न्हय रे म्हाराजा!" या वेळी लोक एकमेकांकडे बघायला लागले, लेकीचं असलं दुखणं कुणी गाऱ्हाण्यात घालतं का. पण एकदा म्हटलेलं देवासमोर मागे कसं घेणार? आधी एकानं म्हटलं, मग दोघांनी, मग सगळ्यांनी.

मी तुझ्यावर इतकी चिडले होते की घरी पोचल्या पोचल्या भांडले. सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढलीस असं म्हणाले. तू पाय धूत होतास. तुला समजून सांगता येत नव्हतं, तू तसा बोलणारा नव्हतासच, गाऱ्हाण्याबाहेर. एवढंच म्हणालास, "व्हय म्हणपी मनीस जाय, बाये. समजपी मागीर मेळतले." होय म्हणणारी माणसं आधी हवीत, समजणारी नंतर मिळतात. मला ते पटलं नाही. पण पुढच्या खेपेला इस्पितळात जायचं होतं आणि गावात बस बंद होती, तेव्हा भट्टीवरचाच एकजण सकाळी दारात स्कूटर घेऊन हजर. तोच, काजू वेचायला लावणारा. वाटेभर मला सांगत होता की ही सगळी शहरातली फॅडं आहेत, चांगलं पेज-खारं खावं. आणि इस्पितळाच्या दारात उतरवून दिवसभर स्कूटरवर बसून राहिला. त्याचा विश्वास नव्हता, पण स्कूटर होती. तू परत भट्टीवर जायला लागलास. मी हळूहळू बरी झाले, पुढल्या वर्षी परीक्षेला बसले.

तर, स्टँडच्या बाकावरून उठून मी घरी गेले. साड्यांच्या मागचं पाकीट काढलं, देव्हाऱ्यात ठेवलं. माझ्या देव्हाऱ्यात शंख नाही, म्हणून घंटेच्या शेजारी. आणि ठरवलं, गोळी सोडायची नाही, मैत्रिणी सुटल्या तर सुटोत. त्यानंतर मी नंतरच्या बसनं जायला लागले. त्या बसमध्ये कुणी कुणाची जागा धरत नाही, उभ्यानं जायचं. मी बरी होत होते, गोळ्या लागू पडत होत्या, आणि रोज पणजीपर्यंत दांड्याला लोंबकळत मला त्या तिघींची आठवण यायची. माणसं तोडणं मला जमत नाही, बाबा. तुलाही जमलं नव्हतं.

आपल्या जत्रेला त्या तिघी दर वर्षी माझ्याबरोबर पार्शाला येतात. या वर्षी मी बोलावलं नाही. आदल्या दिवशी जनेलवालीचा फोन. "जत्रेक केन्ना वचपाचें? साडी खंयची न्हेसतली?" जणू मधले दिवस झालेच नाहीत. मी बरेच दिवस दिसत नाही याचा अर्थ तिनं लावला होता की मी साहेबांच्या गाडीतून जाते आणि भाव खाते. हे तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगूनही टाकलं. तिच्या पोटात काही राहत नाही, हा तिचा गुण म्हणायचा की दोष, ते अजून ठरत नाही.

गाऱ्हाणं आता भाऊ घालतो. छान घालतो, पण तुझ्यासारखे थांबे नाहीत, तो घाईत असतो. आम्ही चौघी बायकांत उभ्या राहून मोठ्यानं ओरडलो. भावाच्या बायकोनं खतखतें आणि वडे जेवू घातले, आणि दशावतारी नाटकाला थांबणं जमणार नव्हतं म्हणून उन्हं असतानाच निघालो. बस जत्रेकऱ्यांनी भरलेली. जनेलवालीला खिडकी मिळाली, तेव्हा ती खुशीत. मास्तरणीनं खाजं वाटलं आणि टिंगल सुरू झाली. "बा देवा म्हाराजा, ही बस चढार बंद पडूंक दिवं नाका!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" बँकवाली म्हणाली, "आमच्या साहेबाची बदली काणकोणाक कर रे म्हाराजा!" आता मागच्या सीटवरचेही सामील झाले, "व्हय म्हाराजा!" सगळे हसतायत. मग जनेलवाली मला कोपरानं ढोसते, "तूं घाल गो, तूं तर गाऱ्हाण्याचीच धूव."

मी चेष्टेतच सुरू केलं, बाबा, शपथ. तुझाच सूर लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या बशींत तुजीं लेकरां बसल्यांत, तांकां जनेलाकडेन जागो मेळूं रे म्हाराजा!" सगळी बस हसली, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तो सूर तोंडात आला की पुढचं आपोआप येतं. "आनी म्हाराजा," मी म्हटलं, "ह्यांतलें एक चेडूं…" आणि माझा आवाज अडकला. तुझा अडकला होता तसाच, तिथेच. आणि बस ओरडली, "व्हय म्हाराजा!" कंडक्टर सगळ्यांत मोठ्यानं. मग मी डोळे मिटून घेतले आणि माझं दुखणं, मैत्रिणींनी मला सांभाळून घ्यावं, सगळं बोलून टाकलं. "…दुयेंत आसा. तिचें दुखणें दिसना. तें सोंग न्हय, तें रजेखातीर न्हय. ती गुळयो घेता. तिच्या इश्टिणींनी तिका सांबाळून घेवची रे म्हाराजा!" मग मागच्या सीटवरच्या कुण्या म्हाताऱ्यानं, खणखणीत, एकट्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागे बस. मास्तरीण म्हणाली, मी ऐकलं. बँकवालीनं माझा हात धरला, तिच्या हाताला खाज्याचा गूळ लागला होता. जनेलवाली खिडकीबाहेर बघत होती. कोलवाळच्या पुलावर तिला नदीत काय एवढं दिसत होतं देव जाणे.

म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीच्या बसची वाट बघत उभ्या होतो. दोघी पाणी आणायला गेल्या. जनेलवाली पिशवीचा बंद गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हाका अजून समजूंक ना गो. सामकें खरें सांगता. दिसना तें दुखणें कशें, म्हाका कळना. पूण व्हय म्हटलें न्ही? आतां फाटीं कशें घेवचें?" बाबा, मला वाटलं होतं की तिनं माफी मागावी, रडावं, मला मिठी मारावी. इतके दिवस मनात तेच रंगवत होते. त्यातलं काही झालं नाही. पण तिनं म्हटलं ते त्या सगळ्याहून मला पुरलं. बस आली, तिनं आधी चढून जागा धरली आणि मला म्हणाली, "तूं बस जनेलाकडेन." बस भरलेली नव्हती, खिडक्या पुष्कळ होत्या. तरी मी तिच्याच खिडकीशी बसले.

आता मी पुन्हा सकाळच्या बसमध्ये असते. मास्तरीण रोज फोनवर सूर्योदयाचं चित्र आणि आनंदी राहण्याचा उपदेश पाठवते, तिला कोण थांबवणार. आणि जनेलवाली मी चढल्या चढल्या लांबूनच ओरडते, "गुळी घेतली गे?" इतक्या मोठ्यानं की पहिल्या दिवशी मला वाटलं खाली उतरून जावं. आता ड्रायव्हरसुद्धा आरशात बघतो, मी मान हलवली की गाडी हलवतो. तिला अजूनही वाटतं की मी थोडं जास्त काम केलं तर बरी होईन. मी आता वाद घालत नाही. त्या स्कूटरवाल्याशी तू कधी वाद घातला नव्हतास, त्याला संध्याकाळी बोलावून चहा दिला होतास.

बाबा, तू मला बरं केलंस असं मी म्हणणार नाही, ते गोळ्यांनी केलं आणि त्या डॉक्टरणीनं केलं. पण मी गोळी घेत राहावी एवढी जागा तू गावात करून ठेवलीस. त्यासाठी तुझा आवाज अडकला. देवासमोर, सगळ्या गावासमोर अडकला, ज्या आवाजाचा तुला अभिमान होता. मी त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही. बोलण्याजोगी झाले तेव्हा तू ऐकण्याजोगा राहिला नव्हतास. म्हणून आता म्हणते. फार उपकार झाले तुझे.

हे पत्र कुठे पाठवणार, घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवीन. फक्त एक राहिलं. त्या दिवशी तू पहिल्यांदा अडकलास आणि सगळा गाव न ऐकता ओरडला, तेव्हा बायकांच्या मागे उभी राहून मीही ओरडले होते, सवयीनं. पण मग तू म्हणालास, सोंग नव्हे, तेव्हा सगळ्यांनी म्हटलं आणि मी नाही म्हटलं. मला वाटत होतं, हे सोंगच असणार, मी आळशी आहे आणि बापाला फसवतेय. त्या देवळात सगळ्यांत जास्त शंका होती ती माझी. अजूनही काही सकाळी ती येते. तेव्हा मी उजवा तळवा पुढे करते, त्यात गोळी ठेवते, आणि घरात कुणी जागं नसेल तर हळूच म्हणते, व्हय म्हाराजा.